वाचनालयाची पाहणी आणि सुधारणा: नाशिककर वाचकांचे नेहमीचे प्रश्न

आपल्या भागातल्या वाचनालयासाठी काहीतरी करावं असं मनात आलं की लोक साधारण तेच ते प्रश्न विचारतात. कुणी देवघेवीच्या खिडकीशी थांबून विचारतं, कुणी वर्गणी भरताना, कुणी व्हॉट्सअॅपवर लांबलचक निरोप पाठवतं. आमच्या भागात वाचक, ग्रंथपाल आणि कार्यकारी मंडळाने मिळून वाचनालयाची पाहणी केली, तेव्हापासून हे प्रश्न वाढले. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सार्वजनिक ग्रंथालय नेमकं कशाला म्हणायचं? आमच्या कॉलनीतलं वाचनालय सरकारी आहे का?

बहुतेक ठिकाणी नाही. महाराष्ट्रातली बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालयं लोकांनी उभ्या केलेल्या नोंदणीकृत संस्था चालवतात. सरकार त्यांना मान्यता आणि अनुदान देतं. या व्यवस्थेला आधार आहे तो महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ चा. मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिकं, उघडं राहण्याचे तास, कर्मचारी यांवर वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान. देखरेख ग्रंथालय संचालनालयाची, जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांची.

नाशिकमध्ये ही परंपरा कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं ‘सावाना’, १८४० सालचं. अनुदान, मान्यता यांपैकी काहीही नसताना गावातल्या लोकांनी पुस्तकं जमवली आणि संस्था टिकवली. याशिवाय महापालिकेची वाचनालयं आणि अभ्यासिका आहेत. तिथले निर्णय पालिका घेते. तुमचं वाचनालय यांपैकी कोणत्या प्रकारात बसतं हे आधी विचारून घ्या, कारण अर्ज कुणाच्या नावाने करायचा हे त्यावरच ठरतं.

२. तपासणी तर होतेच. मग वेगळं मूल्यमापन कशाला?

तपासणीत दप्तर पाहतात: दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकाने नोंदवायची वही), देवघेवीच्या नोंदी, खर्चाच्या पावत्या, हजेरी. ती आवश्यकच आहे. २०१२ मध्ये महसूल खात्यामार्फत राज्यभर पडताळणी झाली, तेव्हा नुसती कागदावर चालणारी ग्रंथालयं उघडी पडली. पुढे नव्या मान्यता आणि वर्गवाढ कित्येक वर्षं अडकून राहिली. त्याची झळ नीट चालणाऱ्या ग्रंथालयांनाही बसली.

पण दप्तर चोख असलेल्या वाचनालयातही दुपारभर कुणी फिरकत नाही, असं होतं. मूल्यमापनात विचारायचं ते हे: आपल्या भागातल्या कुणाकुणाला या जागेचा उपयोग होतो, कुणाला होत नाही, आणि का? शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली पाच सूत्रं यासाठी अजूनही पुरतात: पुस्तकं वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. आमचा सगळा भर दुसऱ्या सूत्रावर असतो, कारण ‘प्रत्येक वाचक’ म्हटलं की त्यात आजवर एकदाही पायरी न चढलेला माणूसही येतो. वाचनालयाचं खरं मूल्यमापन तोच करू शकतो, असं आमचं ठाम मत झालं आहे.

३. मी साधा सभासद आहे. मला हे करण्याचा हक्क आहे का?

सूचना करण्याचा, माहिती विचारण्याचा आणि मदत देऊ करण्याचा हक्क तुम्हाला आहेच. मतदानाचा हक्क मात्र संस्थेच्या घटनेवर अवलंबून असतो. बऱ्याच ठिकाणी पुस्तक नेणारा वर्गणीदार आणि सर्वसाधारण सभेत मत देणारा सभासद हे दोन वेगळे प्रकार असतात. घटनेची प्रत मागून वाचा.

एकट्याने पत्र लिहिण्यापेक्षा पाच-सात जण एकत्र या, आधी ग्रंथपालांना भेटा (प्रश्न ८ पाहा), मग कार्यकारी मंडळाला एक पानी पत्र द्या. त्यात काय पाहणार, किती दिवस, माहिती कुणाला दाखवणार आणि कोणती कामं स्वतः करणार, एवढंच असावं. तक्रारींची यादी पहिल्या पत्रात घालू नका.

४. सुरुवात कुठून करू? प्रश्नावली छापून घेऊ का?

प्रश्नावली नंतर. आधी एक कपाट घ्या.

कोणतंही कपाट चालेल. डावीकडून दर दहावं पुस्तक बाहेर काढा आणि शेवटचं पान उघडा. तिथे तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते. शेवटचा शिक्का कधीचा आहे ते वहीत लिहा, पुस्तक जागेवर ठेवा. दोन माणसांना एका कपाटाला तासभर पुरतो. देवघेव संगणकावर असेल तर शेवटच्या देवाणीच्या तारखेप्रमाणे यादी काढता येते; तरीही काही पुस्तकं हातात घेऊन पाहाच, कारण यादीत धूळ दिसत नाही.

आम्ही चरित्रांचं कपाट घेतलं होतं. एका जाडजूड चरित्राची चिठ्ठी जवळजवळ भरलेली निघाली. जांभळ्या शाईचे शिक्के एकाखाली एक, दर महिन्या-दोन महिन्यांनी, आणि मग एकदम थांबलेले. पुस्तक धड होतं, बांधणीही घट्ट. शेजारच्या दोन-तीन पुस्तकांचंही तसंच. आम्ही तर्क करत बसलो की लोकांची आवड बदलली असेल. ग्रंथपालबाईंनी पुस्तक हातात घेतलं, कपाटाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “रंग लावताना कपाटं हलवली होती. ही सगळी पुस्तकं खालच्या फळीवरून तेव्हा वर गेली.” वरच्या फळीला स्टुलाशिवाय हात पोचत नव्हता, आणि आमच्याकडे चरित्रं नेणारे बहुतेक वाचक सत्तरीच्या पुढचे. त्याच संध्याकाळी फळ्यांची अदलाबदल केली. प्रश्नावलीतून हे कधीच कळलं नसतं.

५. आम्ही वाचकांकडून फॉर्म भरून घेतले. सगळे म्हणतात ‘छान आहे’. आता यातून काय काढायचं?

फारसं काही निघणार नाही. जे येतात त्यांनाच विचारलं, आणि विचारणारा ओळखीचा. माणूस भिडेपोटी चांगलंच लिहितो. दोन गोष्टी बदला.

एक, मत विचारू नका, झालेलं विचारा. ‘सेवा कशी वाटते?’ ऐवजी ‘मागच्या खेपेला कोणतं पुस्तक शोधत होतात? मिळालं का? नसेल तर मग काय केलंत?’ असं विचारा. लोक मोकळेपणाने सांगतात, कारण त्यात कुणाला नावं ठेवल्यासारखं होत नाही.

दुसरं, बाहेर पडा. गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते. तिथे फॉर्म वाटले तर वाचणारी माणसं भेटतील, पण ती बहुतेक कुठल्या ना कुठल्या वाचनालयाची सभासद असतात. न येणारी माणसं भाजीबाजारात, शाळा सुटताना फाटकाशी, सातपूर-अंबडच्या बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर भेटतात. तिथे कागद नको. उभ्या उभ्या तीन प्रश्न: इथे वाचनालय आहे हे माहीत आहे का? कधी आत गेलात का? नसाल, तर कशामुळे?

उत्तरं ऐकताना आपलं मत मध्ये घालू नका, हे सगळ्यात अवघड आहे. धुणीभांड्याची कामं करणाऱ्या एक ताई आम्हाला म्हणाल्या, “आत चपला काढायच्या का, कुणाला विचारायचं, काही कळंना. म्हणून दारातूनच माघारी आले.” त्यांची मुलगी दहावीला होती. आमच्या दारावर तेव्हा वेळ, वर्गणी आणि ‘शांतता राखा’ एवढंच लिहिलेलं होतं. आता पहिली ओळ ‘आत या, पुस्तकं बघायला पैसे लागत नाहीत’ अशी आहे.

६. किती लोकांना विचारलं म्हणजे पुरे?

मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका. शाळकरी मुलं, घरी असणाऱ्या बायका, पाळीत काम करणारे, परीक्षार्थी, निवृत्त मंडळी, भाड्याने राहणारी बाहेरगावची कुटुंबं, अशा प्रत्येक गटातल्या दहा-पंधरा जणांशी नीट बोला. तीच ती उत्तरं येऊ लागली की त्या गटापुरतं थांबा. सगळे मिळून महिनाभराचं काम होतं.

७. कोणते आकडे दर महिन्याला ठेवावेत?

थोडेच, पण न चुकता. दिवसाची देवघेव, नवे सभासद, वर्गणी न भरता गळालेले सभासद, आणि महिन्यात एकदा तरी पुस्तक नेलेले सभासद. हा शेवटचा आकडा फार बोलका असतो, कारण नोंदवहीतली सभासदसंख्या आणि प्रत्यक्ष पुस्तक नेणारे यांच्यात मोठं अंतर निघतं.

पाचवी गोष्ट म्हणजे ‘मिळालं नाही’ वही. देवघेवीच्या टेबलावर साधी शंभरपानी वही ठेवा. वाचकाने मागितलेलं पुस्तक नसेल, बाहेर गेलेलं असेल किंवा जागेवर सापडलं नसेल, तर एका ओळीत तारीख, पुस्तक आणि कारण. वाचकाचं नाव नको. तीन महिन्यांनी ही वही ग्रंथ निवड समितीपुढे ठेवा. खरेदीची यादी प्रकाशकांच्या सवलतीवरून ठरवण्यापेक्षा या वहीवरून ठरवली तर पैसा सत्कारणी लागतो. आणि ‘जागेवर सापडलं नाही’ हे कारण वारंवार आलं, तर खरेदीच्या आधी मांडणीकडे बघा.

८. ग्रंथपालांना वाटतं आम्ही त्यांची झडती घेतोय. कसं समजवायचं?

समजवायच्या आधी त्यांचं काम एक दिवस बघा. सकाळी कुलूप उघडणं, वर्तमानपत्रं लावणं, देवघेव, फाटलेली पानं चिकटवणं, टपाल, वर्गणीच्या पावत्या, अनुदानाची कागदपत्रं, संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या. लहान वाचनालयात हे सगळं एक माणूस करतो, फार तर दोन. पगार अनुदानातून निघतो. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढीचा निर्णय झाला. त्याआधी दहा वर्षं तेच अनुदान होतं आणि महागाई काही थांबली नव्हती. वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींसाठी पत्की समितीच्या शिफारशींचा दाखला देत कर्मचारी किती वर्षं मागणी करत आहेत, हे ग्रंथालय चळवळीतल्या कुणालाही विचारा. अशा माणसासमोर आपण वही-पेन घेऊन ‘मूल्यमापन’ करायला उभे राहिलो तर त्याला काय वाटेल?

म्हणून आमचा नियम असा: ग्रंथपाल पाहणी गटात असतातच, आणि पहिला प्रश्न त्यांना. ‘तुमच्या हातात असतं तर उद्या सकाळी इथे काय बदललं असतं?’ आमच्या ग्रंथपालबाईंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “ट्यूबलाइट. मागच्या रांगेत पुस्तकाचं नाव वाचायला मला मोबाइलचा उजेड लागतो.” इतकी वर्षं आम्ही तिथून पुस्तकं नेत होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

अहवालात कोणत्याही कर्मचाऱ्याच्या नावाने शेरा लिहायचा नाही. वागणुकीची खरोखर गंभीर तक्रार असेल तर ती मंडळाकडे वेगळी द्यायची. पाहणीत तिची जागा नाही.

९. पुस्तकं कुणी नेत नाही, पण अभ्यासिकेत जागा मिळत नाही. मग हे वाचनालय राहिलं कुठे?

हा प्रश्न ज्येष्ठ वाचक फार कळवळून विचारतात. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं सकाळी येतात, रात्री दिवे मालवेपर्यंत बसतात, स्वतःची पुस्तकं स्वतः आणतात. अनेकांच्या घरी दोन खोल्यांत पाच-सहा माणसं असतात. टेबल, पंखा आणि शांतता त्यांना इथेच मिळते. या मुलांना उपरं समजू नये, असं मला मनापासून वाटतं. भागातल्या लोकांची खरी गरज वाचनालय भागवत असेल तर ते वाचनालयाचंच काम आहे.

अडचण जागेची आहे, आणि ती वाटणीने सुटते. मुक्त वाचनाची दोन टेबलं अभ्यासिकेला कधीच द्यायची नाहीत. बॅग ठेवून दिवसभर जागा अडवायची नाही. तासभर रिकामी दिसली की दुसऱ्याला मिळेल. हा नियम मुलांनीच बसून ठरवला तर पाळला जातो. आमच्याकडे त्यांनी भिंतीवर स्वतःच तक्ता लावला. त्यांना कामातही घ्या. पाहणीतले सगळ्यात चोख आकडे आम्हाला या मुलांनीच काढून दिले, आणि कपाटं पुसताना त्यांच्यातल्या दोघांनी कादंबऱ्याही घरी नेल्या.

१०. वाचनालयाच्या वेळा बदलता येतात का?

येतात. मान्यतेसाठी वर्गाप्रमाणे ठरलेले किमान तास पाळावे लागतात. ते कोणत्या वेळी विभागायचे हे मंडळ ठरवू शकतं. साप्ताहिक सुट्टी बदलायची असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना कळवून बदला. कारखान्यातली पहिली पाळी दुपारी सुटते आणि आपलं दार तेव्हाच बंद असतं, असं कामगार वस्त्यांत सर्रास आढळतं. आधी दोन महिने प्रयोग करा, त्या वेळेतली देवघेव मोजा, मग कायम करा. वाढीव तासांचा बोजा त्याच एका कर्मचाऱ्यावर टाकू नका.

११. जुनी, कुणी न नेणारी पुस्तकं काढून टाकायची का?

काढायची, पण रद्दीवाल्याला हाक मारून नव्हे. पुस्तकं ही संस्थेची मालमत्ता आहे. आधी मोजदाद, मग बाद करायच्या पुस्तकांची दाखल क्रमांकासह यादी, मंडळाचा ठराव, संचालनालयाच्या नियमाप्रमाणे कार्यवाही, आणि दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकापुढे शेरा. ही वाट सोडली तर पुढच्या तपासणीत ग्रंथपाल अडकतात.

काय काढावं? कसर लागून चाळणी झालेली, पानं गहाळ झालेली, जुन्या अभ्यासक्रमाची, कालबाह्य कायद्याची आणि संगणकाची पुस्तकं, एकाच कादंबरीच्या चार-पाच प्रती. काय कधीही काढू नये? नाशिकचा इतिहास, गावोगावच्या स्मरणिका, बंद पडलेली नियतकालिकं, स्थानिक लेखकांनी स्वतःच्या खर्चाने छापलेली पुस्तकं. त्यांची चिठ्ठी कोरी असली तरी ठेवा; तेवढ्यासाठी शहरात दुसरीकडे कुठेही जाता येणार नाही. शंका असेल ते पुस्तक ‘पुन्हा पाहू’ अशा वेगळ्या फळीवर वर्षभर ठेवा.

नदीकाठच्या जुन्या नाशकातल्या वाचनालयांसाठी एक वेगळी सूचना. गोदावरीला पूर आला की आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पाण्याचा अंदाज घेतो. पण वाचनालयाची सगळ्यात खालची फळी तोवर भिजलेली असते. तळमजल्यावर ती फळी रिकामी ठेवा आणि दुर्मीळ काही असेल ते वरच्या मजल्यावर हलवा.

१२. लोक पोतं भरून पुस्तकं आणून देतात. नाही कसं म्हणायचं?

दारावर पाटी लावा: ‘भेट पुस्तकांपैकी वाचनालयाला उपयोगी असतील ती दाखल करू, उरलेली इतर शाळा-वाचनालयांना देऊ.’ पुस्तकं घेतानाच हे तोंडीही सांगा. वडील गेल्यावर त्यांचा संग्रह घेऊन आलेल्या माणसाशी बोलताना घाई करू नका. त्या पोत्यात त्याच्या घरातली एक अख्खी खोली असते.

१३. पैसे कुठून आणायचे?

अनुदान मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत, वर्गाच्या कमाल मर्यादेत आणि सहसा हप्त्यांनी मिळतं. बाकीचा भाग संस्थेने वर्गणी आणि देणग्यांतून उभा करायचा असतो. पुस्तकं आणि साधनांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना आहेत. १९७२ पासून हे प्रतिष्ठान देशभरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना मदत करतं. चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा.

नाशिकला औद्योगिक वसाहती आहेत, त्यामुळे कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा (सीएसआर) मार्गही बघा. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं हा विषय स्पष्टपणे नोंदलेला आहे. त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आणि आयकराची १२अ व ८०जी प्रमाणपत्रं लागतात. कंपनीकडे जाताना ‘मदत करा’ म्हणू नका. ‘मागच्या रांगेत उजेड नाही, आठ दिवे, वायरिंगसह हा अंदाजखर्च’ असं लेखी न्या. पाहणीचा अहवाल सोबत असला की बोलणी लवकर होतात.

भागातल्या लोकांकडून लहान रकमा घ्यायला लाजू नका. प्रत्येकाला पावती द्या, आणि जमाखर्च फळ्यावर लावा.

१४. संगणकीकरण केलं की बरेच प्रश्न सुटतील ना?

काही सुटतील. कोहा हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त स्रोत आहे. ई-ग्रंथालय हे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं आहे. दोन्हींत देवनागरीत नोंदी होतात. पण मोजदाद न करता जुनी नोंदवही तशीच टंकली, तर हरवलेली पुस्तकंही संगणकात ‘उपलब्ध’ दिसतात आणि वाचक फळीशी जाऊन हात हलवत परत येतो.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. एकाने ‘कुसुमाग्रज’ टंकलं, दुसऱ्याने ‘शिरवाडकर वि. वा.’, तिसऱ्याने आद्याक्षरांत जागा न सोडता. शोधायला गेलं की तात्यासाहेबांची पुस्तकं तीन ठिकाणी विखुरलेली, आणि तीही त्यांच्याच गावात! नावं कशी लिहायची याचं एक पान आधी तयार करा, टोपणनाव आणि खरं नाव एकमेकांना जोडा, ऱ्हस्व-दीर्घ ठरवून घ्या. मग टंकायला बसा. कुणाला हे रीतसर शिकायचं असेल तर नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम आहे.

१५. लांबच्या वस्तीतले लोक येतच नाहीत. त्यांच्यासाठी काय?

पुस्तकंच तिकडे न्या. याचा उत्तम धडा नाशिकनेच घालून दिला आहे: कुसुमाग्रज प्रतिष्ठानाची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९ मध्ये इथे सुरू झाली आणि पुस्तकांच्या पेट्या पुढे परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. पेटी एका गटाकडे राहते, लोक आपसात पुस्तकं फिरवतात, ठरावीक महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते.

लहान वाचनालयाने दोन पेट्यांपासून सुरुवात करावी. पेटी सांभाळणारी व्यक्ती वस्तीतलीच हवी, आणि पुस्तकं वस्तीला विचारून भरा. आम्ही पहिल्या पेटीत आम्हाला थोर वाटणारी पुस्तकं भरली होती. ती बहुतेक न उघडताच परत आली. दुसऱ्या पेटीत शिवणकाम, पाककृती, मोठ्या अक्षरांतल्या गोष्टी, भुताच्या कथा आणि पोलीस भरतीची पुस्तकं होती. तिची पुस्तकं परत मागायला आम्हाला दोनदा जावं लागलं.

१६. मुलांचा विभाग आहे, मुलं नाहीत.

मुलांच्या उंचीवर बसून विभाग बघा. पुस्तकं कुलपात आहेत का? हात लावला की कुणी ओरडतं का? शनिवारी शाळा लवकर सुटते तेव्हा दार उघडं असतं का? आठवड्याला एक तास गोष्ट वाचून दाखवायला भागातल्या आजी-आजोबांची पाळी लावा. पुस्तक फाटलं तर दंड नको. मुलाला डिंक-कागद देऊन आपल्याशेजारी बसवून चिकटवायला लावा. वाचन प्रेरणा दिनाचा (१५ ऑक्टोबर) फोटो सगळीकडे निघतो, १६ तारखेला तीच मुलं येतील अशी सोय करा.

१७. अंध किंवा डोळे अधू झालेले वाचक आहेत. त्यांच्यासाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणं बेकायदेशीर आहे का?

नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्यात दृष्टिहीन आणि अन्य अपंग वाचकांसाठी वाचता येण्याजोग्या स्वरूपात प्रती करण्याची सवलत आहे. यासंबंधीचा मराकेश करार मान्य करणारा भारत २०१४ मध्ये पहिला देश ठरला. अट एवढीच की प्रती त्याच वाचकांसाठी असाव्यात, नफ्यासाठी नसाव्यात आणि इतरत्र पसरू नयेत. आधी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन संग्रहात पुस्तक आहे का ते बघा, म्हणजे श्रम वाचतील. दारातली पायरी आणि जिन्याचा कठडा हेही याच पाहणीत लिहा.

१८. दुर्मीळ पुस्तक स्कॅन करून गटावर टाकलं तर चालेल का?

पुस्तक जुनं असणं पुरेसं नाही. भारतात प्रताधिकार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. १९६० मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन २०२१ च्या आरंभी खुलं झालं. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०५९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. अनुवादक, चित्रकार, प्रस्तावनाकार यांचे हक्क वेगळे मोजावे लागतात.

मात्र अपवाद आहेत. भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती विना-नफा सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी करू शकतं, आणि आपल्याकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी ती संगणकीय स्वरूपात साठवू शकतं. जपून ठेवायला मुभा आहे. व्हॉट्सअॅपवर पाठवायला नाही.

१९. पाहणी पूर्ण झाली, पण मंडळ अहवाल दाबून बसलं आहे. आता?

आधी सौम्य मार्ग: अध्यक्षांना भेटा, अहवालातली बिनखर्चाची तीन कामं निवडा आणि ती करायला स्वतः तयार असल्याचं सांगा. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच रुळावर येते. नाही आली, तर घटनेनुसार वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी मुदतीत लेखी विषय द्या.

अनुदानाची आणि वार्षिक अहवालाची कागदपत्रं जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात असतात. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली तिथे दहा रुपये भरून अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलल्याची नोंद झाली आहे का, हे धर्मादाय आयुक्त कार्यालयात पाहता येतं; बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. ही पायरी खरोखर गरज पडली तरच चढा. एकदा अर्ज-उलटअर्ज सुरू झाले की दोन वर्षं सगळ्यांची शक्ती त्यातच जाते आणि नवीन पुस्तकांकडे कुणी बघत नाही.

२०. संस्थेची निवडणूक जवळ आली आहे. आमच्या गटाला लोक ‘पॅनल’ समजायला लागलेत.

पाहणी पुढे ढकला, किंवा गटातल्या कुणीही उमेदवारी करायची नाही असं लेखी जाहीर करा. तिसरा मार्ग आम्हाला सापडलेला नाही.

२१. पालक विचारतात, “आमची मुलगी कोणती पुस्तकं नेते?” सांगायचं का?

लहान मुलांच्या बाबतीत पालक पुस्तक बघतातच, तिथे वाद नाही. पण सज्ञान वाचकाच्या देवघेवीची नोंद घरच्यांना, शेजाऱ्यांना किंवा मंडळाच्या सदस्यांनाही दाखवू नये. आजार, घटस्फोट, धर्म, राजकारण यांवरची पुस्तकं माणूस कुणालाही न सांगता वाचायला नेतो, आणि ती विश्वासाने नेता येतील अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. अधिकृत यंत्रणेने लेखी आदेश दिला तर तो मंडळापुढे ठेवून कायदेशीर सल्ल्याने वागावं.

पाहणीत याच कारणाने चिठ्ठीवरची तारीख घ्यायची, सभासद क्रमांक घ्यायचा नाही. नोंदवही टेबलावर उघडी असेल आणि तिच्यात फोन नंबर दिसत असतील, तर ती आजच बंद कपाटात ठेवा.

२२. पुन्हा पाहणी कधी करायची?

वर्षाने, त्याच महिन्यात. महिना बदलला की तुलना फसते: जूनमध्ये शाळा उघडतात, सणासुदीत देवघेव घटते, परीक्षेच्या आधी अभ्यासिका ओसंडते. तेच कपाट घ्या, दर दहावंच पुस्तक काढा, मागच्या वर्षीची वही शेजारी उघडी ठेवा. एखाद्या पुस्तकावर नवी चिठ्ठी लावायची वेळ आली असेल तर जुनी फाडू नका, तिच्यावरच कडेने डिंक लावून नवी चिकटवा.